डोक्यावरून जाणारी वीजवाहिनी आणि जागामालकाचे हक्क: पार्श्वभूमी

आपल्या जागेवरून उच्चदाब वाहिनी जाणार असल्याचे कळले की मालकाचा पहिला प्रश्न संमतीचा असतो. भारतात त्याचे उत्तर ती वाहिनी कोणत्या अधिकाराखाली टाकली जात आहे यावर अवलंबून असते, आणि या अधिकाराचे मूळ विजेच्या नव्हे, तर तारायंत्राच्या कायद्यात आहे.

1885 च्या भारतीय तार अधिनियमातील कलम 10 ने खाजगी जमिनीवरून तारा नेण्याची व खांब रोवण्याची मुभा दिली. सोबत अटीही घातल्या: जमिनीत केवळ वापराचा हक्क मिळेल, नुकसान शक्य तितके कमी करावे आणि जे होईल त्याची पूर्ण भरपाई द्यावी. मालकी हस्तांतरित होत नसल्याने हे भूसंपादन ठरत नव्हते. पुढे 1910 च्या विद्युत अधिनियमातील कलम 51, 1948 च्या कायद्यातील कलम 42 आणि आता 2003 च्या कायद्यातील कलम 164 यांनी हेच अधिकार वीजवाहिन्यांना लागू केले. संदेशाच्या बारीक तारेसाठी केलेली तरतूद अवाढव्य मनोऱ्यांच्या कामी आली, आणि मालकाची खरी कुचंबणा इथूनच सुरू झाली.

220 केव्ही (किलोव्होल्ट) वाहिनीसाठी तारांखाली राखायचा पट्टा सर्वसाधारणपणे 35 मीटर रुंदीचा धरला जातो. दहा गुंठ्यांच्या चौरस भूखंडाची बाजू जेमतेम 32 मीटर भरते. वाहिनी मधोमध गेली तर सातबारा मालकाच्याच नावावर राहतो, मात्र घर बांधायला जागा उरत नाही. असे असूनही भरपाई कितीतरी काळ प्रामुख्याने पिकांची आणि झाडांचीच मोजली गेली. हे अन्यायाचे होते, असे स्पष्ट म्हटले पाहिजे.

वीज परवानाधारकांच्या कामांबाबतच्या 2006 च्या नियमांनुसार परवानाधारकाने, म्हणजे वाहिनी टाकणाऱ्या कंपनीने, मालकाची पूर्वसंमती घ्यावी लागते. मालकाने हरकत घेतल्यास जिल्हा दंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्त यांची लेखी परवानगी लागते. कलम 164 चे अधिकार मिळालेल्या संस्थेला मात्र हे नियम आड येत नाहीत. पॉवर ग्रिड विरुद्ध सेंच्युरी टेक्स्टाइल्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये तसाच निर्वाळा दिला. त्यामुळे मोठ्या पारेषण वाहिन्यांच्या बाबतीत मालकाचा लढा मुख्यतः मोबदल्यापुरता उरतो. रक्कम अपुरी वाटल्यास तार अधिनियमाच्या कलम 16(3) नुसार जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करता येतो. केरळ राज्य वीज मंडळ विरुद्ध लिविशा या 2007 च्या निकालाने तिथे काय पाहायचे तेही सांगितले: जमिनीचे स्थान, तारांपासूनचे अंतर, वाहिनी जमिनीच्या लहानशा भागावरून जाते की मधून.

तार अधिनियमाचेच, फारसे कोणाला ठाऊक नसलेले कलम 17 घरमालकाच्या विशेष उपयोगाचे आहे. जमिनीचा वापर बदलायचा असल्यास वाहिनी त्याच मालमत्तेत दुसरीकडे हलवण्याची मागणी मालकाला करता येते. आधी भरपाई घेतलेली असल्यास हलवण्याचा खर्च किंवा त्या भरपाईची निम्मी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती भरावी लागते. 2023 च्या दूरसंचार अधिनियमाने जुना तार अधिनियम रद्द करण्याची तरतूद केली, तरी कलम 164 खालील पारेषण वाहिन्यांसाठी त्याचा तिसरा भाग कायम ठेवला, आणि कलम 10 ते 17 त्याच भागात मोडतात.

मोबदल्याच्या दरांना आकार आला तो अलीकडे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर 2015 मध्ये मनोऱ्याखालील जागेसाठी जमिनीच्या मूल्याच्या 85 टक्के आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी कमाल 15 टक्के असे सूत्र सुचवले. महाराष्ट्राने 2017 मध्ये स्वतःचा शासन निर्णय काढला. जून 2024 मध्ये केंद्राने हे प्रमाण अनुक्रमे 200 आणि 30 टक्के केले. मार्च 2025 च्या पूरक सूचनांनी पट्ट्याचा दर ग्रामीण भागात 30 टक्केच ठेवला, नगरपालिका क्षेत्रात 45 आणि महानगरांत 60 टक्क्यांवर नेला. या मार्गदर्शक सूचना असल्याने राज्यांतर्गत वाहिन्यांसाठी राज्य सरकारने त्या स्वीकाराव्या लागतात. म्हणून नोटीस हाती पडताच वाहिनी राज्यांतर्गत आहे की आंतरराज्य, हे मालकाने आधी विचारून घ्यावे.