आयसीयूनंतरचा विसराळूपणा आणि मोबाइलवरचे ‘मेंदूचे खेळ’

‘आयसीयूतून घरी आलेल्या आजी-आजोबांना मोबाइलवर मेंदूचे खेळ लावून द्या, स्मरणशक्ती परत येईल.’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो अर्धाच खरा आहे, आणि त्यापायी आजारातून उठलेली माणसं नाहक खचतात.

त्रास मात्र खरा. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आयसीयूतले ८२१ रुग्ण होते. तीन महिन्यांनी तपासलेल्यांपैकी ४० टक्के जणांचे गुण मेंदूला मध्यम इजा झालेल्यांइतके खाली होते. वर्षानंतरही ३४ टक्क्यांचे. तरुणही यातून सुटले नव्हते, त्यामुळे ‘वय झालं’ म्हणून हात झटकू नयेत. रुग्ण आयसीयूत जितका जास्त काळ भ्रमात (डिलिरियम, म्हणजे आजारपणात भान हरपून गोंधळणं) होता, तितका पुढचा फटका मोठा.

ऑनलाइन सरावाने मुख्यतः ज्याचा सराव केला तेच सुधारतं. पडद्यावर लपलेली जोडी झटकन सापडू लागते, गुण वाढतात; पण सकाळची गोळी घेतली की नाही, हे आठवेलच असं नाही. अशाच फुगवलेल्या दाव्यांवरून २०१६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने, ‘ल्युमॉसिटी’ या मेंदूच्या खेळांच्या अ‍ॅपच्या कंपनीला २० लाख डॉलर भरायला लावले.

म्हणून सराव बंद करा असं नाही. थेरपिस्टच्या देखरेखीखाली, थोडा थोडा वेळ, थकवा आला की थांबून जरूर करावा. जोडीला चालणं, झोप, चष्मा आणि श्रवणयंत्र हवंच. झोपेच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना एकदा जरूर विचारा. आणि गोळ्यांसाठी वारांचे कप्पे असलेली डबी आजच आणा.