पडणारा दगड आणि विषम संख्या

उंचावरून दगड नुसता सोडून दिला, तर पहिल्या सेकंदात तो ४.९ मीटर खाली येतो. दुसऱ्या सेकंदात १४.७ मीटर, तिसऱ्यात २४.५ आणि चौथ्यात ३४.३. हवेचा अडथळा इथे धरलेला नाही. आता या प्रत्येक आकड्याला ४.९ ने भागा. उत्तरं येतात १, ३, ५, ७. ओळीने विषम संख्या! शाळेत सूत्र पाठ करताना ही गंमत हातून निसटते, याचं मला फार वाईट वाटतं.

या संख्यांची बेरीज करत गेलं की १, ४, ९, १६ असे वर्ग मिळतात. म्हणजे वेळ दुप्पट झाली की एकूण अंतर चौपट होतं. पडण्याचा निम्मा वेळ सरला तरी दगडाने जेमतेम पाव अंतर कापलेलं असतं. उरलेलं पाऊण अंतर तो दुसऱ्या निम्म्या वेळात कापतो.

हे घडतं, कारण दगडाचा वेग दर सेकंदाला ९.८ मीटर प्रति सेकंद इतका वाढतो. ना कमी, ना जास्त. यालाच एकसमान त्वरण म्हणतात. पण वेग वाढतो तो नक्की कशाच्या हिशेबाने, कापलेल्या अंतराच्या की गेलेल्या वेळेच्या? प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. खुद्द गॅलिलिओ १६०४ साली अंतराच्या बाजूने होता. जरा विचार करा: वेग अंतराच्या प्रमाणात असता, तर सुटण्याच्या क्षणी अंतर शून्य, म्हणून वेगही शून्य, आणि वेग शून्य, म्हणून अंतरही वाढणार नाही. दगड जागचा हललाच नसता. वेळ मात्र कुणासाठी थांबत नाही, आणि तिच्याबरोबर वेग वाढत जातो.

गॅलिलिओची खरी अडचण मोजमापाची होती. सरळ खाली पडणारी वस्तू त्या काळच्या घड्याळांना आवरणारी नव्हती. मग त्याने पडणंच संथ केलं. बारा हात लांब लाकडात बोटभर रुंदीची खाच कोरली, ती घासून गुळगुळीत केली, आत चर्मपत्र चिकटवलं आणि लाकूड थोडं तिरपं करून खाचेतून काशाची गोळी सोडली. वेळ मोजायला पाण्याने भरलेलं मोठं भांडं आणि त्याला बारीक नळी. गोळी घरंगळत असताना नळीतून जेवढं पाणी पडेल, तेवढं तराजूत तोलायचं. पाण्याचं वजन म्हणजेच वेळ! उतारावर त्वरण कमी होतं, पण वर्गाचा नियम तोच राहतो. हा वृत्तांत १६३८ साली छापून आला.

जड वस्तू आधी का पडत नाही? वस्तुमान दुप्पट असेल तर पृथ्वीची ओढ दुप्पट असते हे खरं. पण तिला गती द्यायलाही दुप्पट बळ लागतं. दोन्हींची फिटंफाट होते. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर हातोडी आणि ससाण्याचं पीस एकदम सोडलं. तिथे हवाच नाही, त्यामुळे दोन्ही बरोबरच खाली पोचली.

एका ठिकाणी मात्र भलेभले चुकतात. चेंडू सरळ वर फेकला, तर सर्वांत वरच्या बिंदूवर त्याचं त्वरण किती? ‘शून्य’ हे उत्तर हमखास येतं. तिथे शून्य असतो तो वेग. त्वरण वर जाताना, माथ्यावर आणि खाली येताना तेच, ९.८ आणि खालच्याच दिशेने. माथ्यावर तेही शून्य झालं असतं, तर चेंडू तिथेच लटकून राहिला असता.

हा नियम वापरून बघायला फूटपट्टी पुरते. कुणाला तरी ती उभी धरायला सांगा आणि शून्याच्या खुणेपाशी आपली दोन बोटं उघडी ठेवा. पट्टी न सांगता सुटली की पकडायची. २० सेंटिमीटरवर पकडली, तर तुमच्या मेंदूने आणि हाताने मिळून ०.२ सेकंद घेतले. पाव सेकंद लागला, तर ३० सेंटिमीटरची पट्टी हातून निसटलीच म्हणून समजा.