पेशीतला उपसा आणि कोयनेचे दरवाजे

पावसाळ्यात आम्हा सांगलीकरांच्या तोंडी दोनच आकडे असतात: कोयनेतून किती क्युसेक सोडलं, आणि आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आलं. तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, समजून घ्यायला मला हीच भाषा सोयीची वाटते. शाळेत ‘पेशीचं ऊर्जाघर’ एवढं पाठ करून घेतात; ते घर चालतं कसं, हे राहूनच जातं.

खाल्लेल्या भाकरीतून सुटलेले इलेक्ट्रॉन तंतुकणिकेच्या आतल्या पडद्यावरच्या प्रथिनांमधून हातोहात पुढं सरकतात आणि शेवटी ऑक्सिजनला मिळतात. आपला श्वास मुख्यतः खर्ची पडतो तो इथं. या उतरंडीत सुटणारी ऊर्जा एका कामाला जुंपलेली असते: प्रोटॉन पडद्यापलीकडं उपसायचे. म्हैसाळच्या पंपांनी कृष्णा वर चढवावी, तसं. पण म्हैसाळचं पाणी रानात जातं. इथं वर चढवलेलं सगळं पुन्हा खाली सोडून त्यावर टर्बाइन फिरवतात. उपसा योजना आणि वीजघर एकाच भिंतीत!

टर्बाइन ही नुसती उपमा नाही. एटीपी सिंथेज हे प्रथिन खरोखर गरगर फिरतं, सेकंदाला शंभराहून जास्त वेळा, आणि दर फेरीला एटीपीचे, म्हणजे पेशीत ऊर्जा पोहोचवणाऱ्या रसायनाचे, तीन रेणू घडवतं. १९९७ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी त्याच्या दांड्याला चमकता धागा चिकटवला, एटीपी देऊन ते उलटं चालवलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली फिरताना पाहिलं. पेशीची बहुतेक कामं या एटीपीवर चालतात. अंगात एका वेळी ते शे-सव्वाशे ग्रॅमसुद्धा नसतं, पण मोडून-जोडून दिवसभरात साधारण आपल्या वजनाइतकं तयार होतं.

ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञ पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये ही प्रोटॉनच्या धरणाची कल्पना मांडली, तेव्हा बऱ्याच जणांनी ती उडवून लावली. नोबेल मिळायला १९७८ उजाडलं.

आता विसर्गाचं. कोयनेचे वक्र दरवाजे उचलले की ते पाणी वीज न करताच नदीत येतं. तान्ह्या बाळाच्या पाठीत, खांद्यांच्या मधोमध, तपकिरी चरबी असते; तिच्या तंतुकणिकांमध्ये असेच दरवाजे आहेत. गारठा लागला की ते उघडतात, प्रोटॉन टर्बाइन टाळून परततात, आणि एटीपीऐवजी नुसती ऊब तयार होते. बाळाला अजून धड कुडकुडताही येत नसतं. त्याचं अंग या विसर्गावरच गरम राहतं.