कार्बन डायऑक्साइडचे उष्णता-प्रारण : प्रतिमान

वातावरणातील कार्बन डायऑक्साइड अवरक्त प्रारण शोषतो, तसाच तो सोडतोही. हे उत्सर्जन कोणत्या उंचीवरून आणि किती होते, हे गणिताने काढण्याची पद्धत म्हणजे हे प्रतिमान. तापमानवाढीचे सगळे अंदाज त्यावर उभे आहेत.

या रेणूच्या वाकण्याच्या कंपनातून 15 मायक्रोमीटर तरंगलांबीभोवतीचा शोषण-उत्सर्जनाचा पट्टा निर्माण होतो. पृथ्वीचे प्रारण याच भागात भरपूर असल्याने हाच पट्टा सर्वांत महत्त्वाचा.

रेणू शोषलेली ऊर्जा जशीच्या तशी परत फेकतो, ही समजूत सर्रास आढळते. ती चुकीची आहे. जमिनीलगतच्या दाट हवेत उत्तेजित रेणू प्रारण सोडण्याआधीच नायट्रोजन-ऑक्सिजनवर आदळतो आणि ऊर्जा हवेत वाटली जाते. उलट टकरींमुळेच दुसरे रेणू उत्तेजित होतात. म्हणून उत्सर्जन ठरते ते त्या थराच्या तापमानावरून. किर्खोफचा नियम (जो जितका शोषतो तितकाच सोडतो) आणि प्लांकचे सूत्र (तापमानावरून प्रारण सांगणारे) इथे लागू पडतात ते याचमुळे. साधारण 70 किलोमीटरच्या वर टकरी विरळ होतात आणि हे गृहीतक ढासळू लागते.

गणितासाठी वातावरणाचे थर पाडतात. प्रत्येक थर खालून आलेल्या प्रारणाचा काही भाग शोषतो आणि त्यात स्वतःची भर घालतो. जर्मन खगोलशास्त्रज्ञ कार्ल श्वार्त्सशिल्डचे 1906चे काम या मांडणीच्या मुळाशी आहे. वर्णरेषांची (रेणू ज्या नेमक्या तरंगलांबींवर शोषतो त्यांची) स्थाने, तीव्रता आणि रुंदी ‘हायट्रान’ या माहितीसंचातून घेतात. रेषागणिक हिशेब अचूक, पण फार वेळखाऊ. म्हणून हवामान प्रतिमाने सारखे शोषण असलेल्या तरंगलांबी एकत्र धरतात.

निंबस-4 उपग्रहाने 1970 मध्ये सहारावर घेतलेल्या वर्णपटात हे उघड दिसते. पारदर्शक भागात तापलेली वाळू सुमारे 47 अंश सेल्सिअसची दिसते, तर 15 मायक्रोमीटरजवळ तापमान उणे 50च्या आसपास उतरते, कारण तिथले प्रारण उंचावरच्या थंड हवेतून येते. आलेखातल्या या खळग्याच्या मधोमध मात्र एक बारीक सुळका आहे: तो त्याहून उबदार स्थितांबराचा, म्हणजे आणखी वरच्या थराचा. अंटार्क्टिकात बर्फ वरच्या हवेहून थंड असल्याने खळग्याच्या जागी उंचवटा येतो. दोन्ही आकृत्या वरच्या थरांच्या हिशेबाच्या एकाच समीकरणातून निघतात.

पट्ट्याचा मध्य आधीच संपृक्त आहे, म्हणजे तिथले जवळपास सगळे प्रारण शोषले जातेच, मग वायू वाढल्याने काय बिघडते, हा आक्षेप जुना आहे. वायू वाढला की पट्ट्याच्या कडा अधिक शोषतात आणि उत्सर्जनाची पातळी वर, अधिक थंड हवेत सरकते. बाहेर जाणारी उष्णता घटते. प्रमाण दुप्पट झाल्यास ही घट दर चौरस मीटरला सुमारे 4 वॉट. हवामानशास्त्रज्ञ मानाबे आणि वेदराल्ड यांनी 1967 मध्ये त्यावरून पृष्ठभागाची सुमारे 2.3 अंशांची वाढ काढली, आणि स्थितांबर थंड होईल हेही दाखवले. पुढे निरीक्षणांत तसेच आढळले.