पासपोर्टचा नंबर म्हणजे नोकरीचा परवाना नव्हे

"पोर्तुगीज पासपोर्ट जगात वरच्या नंबरावर आहे, एकदा हातात आला की कुठेही राहा, कुठेही कमवा." म्हापशापासून मडगावपर्यंत हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. ते खरं नाही. हा नंबर देणारा हेन्ली निर्देशांक (जगभरच्या पासपोर्टांची क्रमवारी) 227 ठिकाणांपैकी किती ठिकाणी आगाऊ व्हिसा न काढता जाता येतं, एवढंच मोजतो. नोकरीचा हक्क त्यात धरलेलाच नाही. युरोपीय संघात राहता-कमावता येतं ते संघाच्या नागरिकत्वामुळे. आणि ब्रिटन? गोंयकारांची मोठी वस्ती असलेल्या स्विंडनमध्ये आज नव्याने जाणारा पाहुणा म्हणून सहा महिने राहू शकतो; कामासाठी सहसा व्हिसा लागतोच, कारण ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर संघाच्या नागरिकांना तिथे राहण्या-कमावण्याची असलेली जुनी मोकळीक 31 डिसेंबर 2020 रोजी संपली. एजंटला पैसे मोजण्याआधी हेही ध्यानात घ्या: परकं नागरिकत्व स्वीकारलं की भारतीय नागरिकत्व जातं, मतदानाचा हक्कही जातो.