शरीरावरची वेदना आणि पोटातली कळ

अपेंडिक्सला सूज आली की दुखणे बहुधा एका ठरावीक क्रमाने पुढे जाते. आधी बेंबीच्या आसपास मोघम दुखते, मळमळते, जेवण नकोसे होते. काही तासांनी तेच दुखणे उजवीकडे, खाली येते आणि आता रुग्णाला नेमक्या जागी बोट ठेवता येते. या काळात अपेंडिक्स मात्र जागचे हललेले नसते. अवयवाच्या आतून उठणारी एक वेदना मागे पडून, पोटाच्या भिंतीला आतून असलेल्या अस्तराची दुसरी वेदना पुढे आलेली असते. या दोन्हींना आपण सरसकट पोटदुखी म्हणतो, पण मेंदूच्या दृष्टीने त्या निराळ्या आहेत.

त्वचा, स्नायू, सांधे आणि हे अस्तर यांची वेदना मेंदूला चांगली वाचता येते. तिथे वेदनाग्राहक चेतातंतूंची टोके दाट असतात. त्यांपैकी मायलिन या चरबीयुक्त पदार्थाचे पातळ वेष्टन असलेले तंतू सेकंदाला साधारण ५ ते ३० मीटर वेगाने संदेश नेतात, तर वेष्टन नसलेले तंतू सेकंदाला जेमतेम ०.५ ते २ मीटर. म्हणूनच बोटाला चटका बसला की आधी झटकन तीक्ष्ण चमक जाणवते आणि मागाहून रेंगाळणारी आग सुरू होते. हात तर त्याआधीच मागे खेचला गेलेला असतो, कारण तो निर्णय मज्जारज्जूतच होतो. पुढे थॅलॅमस या मेंदूच्या आतल्या संदेश-केंद्रामार्गे संदेश मेंदूच्या संवेदी पट्ट्यात पोचतो, जिथे शरीराच्या पृष्ठभागाचा जणू नकाशाच मांडलेला असतो आणि बोटे व ओठ यांना त्यात भरपूर जागा मिळालेली असते.

आतल्या अवयवांच्या वाट्याला त्या नकाशात फारच थोडी जागा येते. त्यांच्याकडून येणारे वेदनातंतू विरळ आणि बहुतांशी मंद गतीचे असतात. शिवाय निरोगी आतडे कापले किंवा भाजले तरी ते सहसा दुखत नाही. ते ताणले गेले, त्याचा रक्तपुरवठा तुटला किंवा त्याला सूज आली, तर मात्र असह्य कळा येतात. ही गोष्ट ऐकणाऱ्याला पटकन पटत नाही, पण आतड्याला सुरीचा धोका रोजचा नाही, तुंबण्याचा मात्र आहे, हे लक्षात घेतले तर ती फारशी विचित्र वाटत नाही.

खरा घोळ मज्जारज्जूत होतो. तिथल्या ज्या चेतापेशींवर अवयवाचे तंतू येऊन मिळतात, त्यांच्यावरच त्वचेकडून व स्नायूंकडून आलेले तंतूही मिळतात. वर गेलेला संदेश मुळात कोणी पाठवला हे मेंदूला नीट ओळखता येत नाही, आणि मग तो सवयीने शरीराच्या पृष्ठभागाकडे बोट दाखवतो. हृदयाला रक्त कमी पडले की डावा हात किंवा जबडा दुखतो, आणि पित्ताशयाच्या सुजेचा दाह श्वासपटलापर्यंत पोचला की उजवा खांदा दुखतो, तो यामुळे. अपेंडिक्सची पहिली वेदना बेंबीभोवती जाणवण्याचे कारणही हेच: तिथल्या त्वचेचे आणि अपेंडिक्सचे तंतू मज्जारज्जूच्या एकाच पातळीवर शिरतात.

मात्र अवयवांच्या वेदनेचा सगळा प्रवास या सामायिक वाटेने होत नाही. मज्जारज्जूच्या मागच्या बाजूला अगदी मध्यावरून वर जाणारी एक वाट तिच्या बरीच उपयोगी पडते. ओटीपोटातील कर्करोगाच्या असह्य वेदनेसाठी काही रुग्णांमध्ये शल्यचिकित्सकांनी तेवढाच मध्यभाग छेदला, तेव्हा वेदना कमी झाली आणि त्वचेची संवेदना बहुतांशी शाबूत राहिली.

दोन्ही वेदना शेवटी मेंदूतील इन्सुला आणि सिंग्युलेट या भागांतही पोचतात, जिथे वेदनेची जागा किंवा तीव्रता यांहून तिचा नकोसेपणा अधिक ठरतो. तुलनात्मक प्रयोगांत तीव्रता सारखी राखली तरी अन्ननलिका ताणल्याने होणारी वेदना छातीच्या त्वचेवरील चटक्याहून अधिक त्रासदायक वाटल्याचे आढळले आहे. घाम, मळमळ आणि पांढरा पडलेला चेहरा अवयवाच्या वेदनेसोबत अधिक दिसतात, कारण तिचे तंतू स्वायत्त चेतासंस्थेच्या, म्हणजे घाम, पचन, हृदयाचे ठोके अशी आपसूक चालणारी कामे सांभाळणाऱ्या चेतांच्या, वाटांनीच प्रवास करतात.

हा फरक खाटेवरही दिसतो. मूतखड्याच्या कळा आलेला माणूस तळमळतो, कूस बदलतो, उठून येरझाऱ्या घालतो, कारण कोणत्याही स्थितीत त्याला आराम पडत नाही. याउलट पोटाच्या अस्तराला सूज आलेला माणूस गुडघे पोटाशी घेऊन निश्चल पडून राहतो. खोकला आला तरी तो दाबून धरतो आणि कोणी खाटेला धक्का दिला तर कळवळतो.