सनस्क्रीन लावण्याचा वैताग आला कुठून?

पाठीच्या मधोमध हात पोहोचत नाही. तळवे इतके बुळबुळीत होतात की ट्यूबचं झाकण धड लागत नाही. घाम सुटला की कपाळावरचं मलम डोळ्यांत उतरतं आणि चुरचुरायला लागतं. सोबत लहान मूल असलं तर विचारायलाच नको. एक गाल होईपर्यंत दुसरा हातातून निसटतो, कान राहतात, मान राहते, आणि उरलेलं मलम आपल्याच कपड्यांना पुसलं जातं. एवढं करून दोन तासांनी पुन्हा पहिल्यापासून. बहुतेक आईवडील हा सगळा दोष स्वतःच्या कंटाळ्याला देतात. मला तो तसा वाटत नाही. सनस्क्रीन ज्यांच्यासाठी घडत गेलं त्यांच्यात चुळबुळ करणारं तीन वर्षांचं पोर कधी नव्हतंच. ते या गोष्टीत बऱ्याच उशिरा आलं, आणि आलं तेही उलट्या बाजूने.

जर्मन शास्त्रज्ञ योहान विल्हेल्म रिटर याला १८०१ साली अतिनील किरणांचा सुगावा लागला. वर्णपटाच्या जांभळ्या टोकापलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही, तिथे सिल्व्हर क्लोराइड सर्वांत लवकर काळं पडतं, हे त्याच्या लक्षात आलं. पण या अदृश्य किरणांचा आणि भाजलेल्या कातडीचा संबंध जुळायला पुढची जवळजवळ नव्वद वर्षं गेली. ऊन भाजतं ते उष्णतेमुळे, अशीच समजूत होती. स्वीडनच्या एरिक योहान विडमार्कने १८८९ मध्ये प्रयोगांनी दाखवून दिलं की त्वचा लाल होते ती अतिनील किरणांनी. दोनच वर्षांनी फ्रीडरिश हामर याने क्विनाइनचा लेप देऊन ते अडवून पाहिले. रासायनिक सनस्क्रीनचा हा अगदी सुरुवातीचा नमुना. १८९४ मध्ये हॅम्बुर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पाउल उन्ना यांनी खलाशांच्या उन्हाने खराब झालेल्या त्वचेचा आणि कर्करोगाचा संबंध मांडला. विसावं शतक उजाडायच्या आत, म्हणजे, धोक्याची बरीचशी माहिती हाताशी होती.

तरी जग त्यानंतर उन्हाकडे धावलं, आणि त्याला कारणही तसंच होतं. नील्स फिन्सन यांनी त्वचेच्या क्षयावर प्रकाशाने उपचार केले आणि १९०३ चं नोबेल मिळवलं. त्याच वर्षी ऑग्युस्त रोलिए यांनी स्वित्झर्लंडमधल्या लेझां इथे क्षयरोग्यांना डोंगरातल्या उन्हात झोपवायला सुरुवात केली. पुढे त्यांनी मुलांसाठी उन्हातली शाळाही काढली. तिथली पोरं जवळजवळ उघड्या अंगाने बर्फात वावरत. बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी १९१९ मध्ये मुडदूस झालेल्या मुलांना अतिनील दिव्याखाली बसवून बरं केलं. मुलं या इतिहासात शिरली ती अशी: त्यांना उन्हापासून वाचवायला नव्हे, उन्हात ठेवायला. धट्टंकट्टं मूल म्हणजे उन्हात रापलेलं मूल, ही कल्पना पुढे काही पिढ्या पुरली.

बाजारात आलेली पहिली मलमं आणि तेलंही याच वातावरणातली. गोऱ्या लोकांमध्ये रापलेली कांती सुट्टीची आणि श्रीमंतीची खूण झाली होती. लॉरिआलच्या युजेन श्युलर यांनी १९३५ च्या सुमारास आणलेल्या आंब्र सोलेर या तेलाचं काम होतं न भाजता रापवणं. ऊन अडवण्याची भाषा त्यात नव्हती. स्विस-ऑस्ट्रियन सरहद्दीवरचं पिझ बुइन शिखर चढताना फ्रान्झ ग्रायटर १९३८ मध्ये उन्हाने चांगलाच भाजला आणि त्यातून १९४६ मध्ये त्याची हिमनदीच्या नावाची क्रीम तयार झाली, अशी कथा सांगतात. आजच्या बाटल्यांवर एसपीएफ म्हणून जो आकडा असतो, त्या मापाने तिचं संरक्षण जेमतेम २ भरलं असतं. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमध्ये लढणाऱ्या अमेरिकी सैनिकांना याहून वाईट वस्तू मिळाली. जनावरांसाठी वापरलं जाणारं लालसर, घट्ट पेट्रोलियम जेलीसारखं मलम होतं ते. अंगाला चिकटायचं, कपड्यांना लागायचं, पण उघड्या होडीत अडकलेल्याला त्याची तक्रार कसली? फ्लोरिडातले औषधनिर्माते बेंजामिन ग्रीन यांचं नाव याच मलमाशी जोडलं जातं, आणि सैनिकी मलमाला सुवासिक रूप देऊन कॉपरटोन हा ब्रँड उभा राहिला तो त्यांच्याच हातून.

गिर्यारोहक, सैनिक, वाळूत निवांत पडलेला प्रौढ. गिऱ्हाईक हे असं होतं. १९५३ मध्ये कॉपरटोनच्या जाहिरातीत एक छोटी मुलगी आली, जिची चड्डी कुत्र्याचं पिल्लू मागून ओढतंय आणि आतली गोरी कातडी दिसतेय. सनस्क्रीनच्या इतिहासातलं हे बहुधा सर्वांत प्रसिद्ध मूल, आणि ते विकत होतं रापणं.

आता बाटलीवरच्या त्या एसपीएफ आकड्याकडे वळू, कारण खरी गोम तिथे आहे. कोणत्या मलमाने त्वचा लाल व्हायला किती पट जास्त वेळ लागतो, हे मोजायची पद्धत जर्मनीच्या रुडॉल्फ शुल्ट्झे यांनी १९५६ मध्ये मांडली. ग्रायटरने ती एसपीएफ या नावाने रूढ केली आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, १९७८ च्या मसुद्यात तिला जागा दिली. मोजणी करायची तर सगळीकडे सारखाच थर हवा, म्हणून चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम हे प्रमाण ठरलं. जर्मन मानकात एके काळी ते १.५ होतं. २ निवडण्यामागे लोक घरी किती लावतात याचा विचार नव्हता. पातळ थर एकसारखा बसत नाही आणि निकाल दर वेळी वेगळे येतात, ही प्रयोगशाळेची अडचण होती.

ही चाचणी होते कुठे, तर माणसाच्या पाठीवर. शिकलेला तंत्रज्ञ मोजून घेतलेलं मलम आखलेल्या चौकोनात हळुवार पसरवतो, ते वाळू देतो, मग दिव्याखाली धरतो. स्वयंसेवक प्रौढ असतो, त्याची त्वचा सहज लाल होणाऱ्या फिकट प्रकारातली असते, आणि तो गुमान पडून राहतो. बाटलीवरचा ५० हा आकडा अशा रीतीने नेमक्या त्या जागी ठरतो जिथे आपला स्वतःचा हात पोहोचत नाही! हे वाचल्यापासून मला त्या आकड्याचा राग कमी आणि गंमत जास्त वाटते.

२ मिलिग्रॅमचा हिशेब घरी मांडून पाहावा. प्रौढ माणसाच्या कातडीचं क्षेत्रफळ पावणेदोन चौरस मीटरच्या आसपास असतं. म्हणजे पोहायच्या कपड्यांत साधारण ३० ग्रॅम मलम, एका वेळी. तीन वर्षांच्या मुलाला १० ते १२ ग्रॅम. ५० ग्रॅमची ट्यूब एका माणसाला दुपारपर्यंतही पुरत नाही. प्रत्यक्षात लोक लावतात ते ०.५ ते १ मिलिग्रॅम, आणि त्या पातळ थरात ५० चे निम्मेही उरतील याची खात्री नसते. १५ एसपीएफ भाजवणारे सुमारे ९३ टक्के किरण अडवतं, ३० सुमारे ९७, ५० सुमारे ९८. हे वरचे टक्के मिळवायला लोक महागडी ट्यूब घेतात आणि ती पुरवून पुरवून लावतात. त्यापेक्षा ३० चं सढळ हाताने थापलेलं बरं.

मुलांची बाजू उलटली ती ऑस्ट्रेलियात. गोऱ्या कातडीचे लोक आणि प्रखर ऊन यांमुळे तिथे त्वचेच्या कर्करोगाचं प्रमाण जगात सर्वांत जास्त असलेल्या देशांत मोजलं जातं. व्हिक्टोरिया राज्यातल्या कर्करोग परिषदेने १९८१ मध्ये सिड नावाचा एक सीगल पक्षी टीव्हीवर नाचवला: सदरा चढवा, सनस्क्रीन फासा, टोपी घाला. हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. सदरा पहिला होता, सनस्क्रीन दुसरं. १९८८ पासून सनस्मार्ट कार्यक्रम सुरू झाला आणि शाळांमध्ये टोपी नाही तर खेळ नाही हा नियम रुजला. क्वीन्सलँडमधल्या नॅम्बर गावात १९९२ पासून साडेचार वर्षं १,६२१ प्रौढांवर झालेल्या चाचणीने मग भक्कम पुरावा दिला: रोज नेमाने लावणाऱ्या गटात त्वचेच्या एका प्रकारच्या कर्करोगाचं, स्क्वॅमस सेल कार्सिनोमाचं, प्रमाण सुमारे ४० टक्के कमी भरलं. म्हणजे लावण्याचा उपयोग होतो. प्रश्न लावायचं कसं हाच.

कंपन्यांनी त्यावर उत्तरं शोधली, आणि दर उत्तराने नवी कटकट आणली. १९६० आणि ७० च्या दशकांत गाजलेलं पाबा हे रसायन किरण छान अडवायचं, पण कपड्यांवर डाग पाडायचं आणि अनेकांना त्याची ॲलर्जी यायची. पुढे ‘यात पाबा नाही’ हीच जाहिरात झाली. झिंक ऑक्साइड डोळ्यांत उतरत नाही, चुरचुरत नाही, पण तोंड पांढरंफटक करतं. क्रिकेटपटूंच्या नाकाओठांवरचे ते पट्टे आठवा. १९९० च्या दशकात त्याचे कण बारीक करून पांढरेपणा घटवला, तरी सावळ्या त्वचेवर राखाडी झाक राहतेच, कारण हे सगळं मुळात कोणाच्या कातडीवर जमवलं गेलं ते वर आलंच आहे. मुलांसाठी निळं-जांभळं दिसणारं आणि चोळल्यावर रंग जाणारं मलमही आलं. कल्पना चांगली होती: राहिलेली जागा डोळ्यांना दिसते.

सर्वांत फसवी सोय रोल-ऑनची, म्हणजे तोंडाशी असलेला गोळा अंगावर फिरवून लावायच्या बाटलीची. क्वीन्सलँडमध्ये ५ ते १२ वर्षांच्या मुलांना शाळेत जाण्याआधी स्वतःच सनस्क्रीन लावायला दिलं आणि किती लागलं ते मोजलं. २०१२ मध्ये निकाल आला. पंपाच्या बाटलीतून मुलांनी चौरस सेंटिमीटरला ०.७५ मिलिग्रॅम लावलं, दाबायच्या बाटलीतून ०.५७, आणि रोल-ऑनने अवघं ०.२२. हातात धरायला जे सर्वांत सुटसुटीत, तेच सर्वांत कमी लागलं. फवाऱ्याचं दुखणं वेगळं. वारा असला की बराचसा फवारा त्वचेपर्यंत जातच नाही, आणि मूल तो श्वासातून आत घेतं. म्हणून तोंडावर थेट मारू नये, आधी हातावर घेऊन मग लावावा असं सांगतात. मोठ्यांचंही फार वेगळं नाही. लिव्हरपूल विद्यापीठाने अतिनील कॅमेऱ्यापुढे लोकांना चेहऱ्यावर सनस्क्रीन लावायला सांगितलं तेव्हा चेहऱ्याचा सुमारे दहावा हिस्सा कोरा राहिला, मुख्यतः पापण्या आणि डोळ्यांच्या कडा. आरसा समोर असताना, मूल मांडीवर नसताना.

दोन तासांच्या नियमाबद्दलही एक गैरसमज आहे. दोन तास झाले की मलम ‘संपतं’ असं घड्याळ त्यात बसवलेलं नसतं. काही रसायनं उन्हात विघटन पावतात हे खरं, पण जास्त नुकसान घाम, टॉवेल, वाळू आणि कपड्यांच्या घासण्याने होतं. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ ब्रायन डिफी यांनी २००१ मध्ये गणित मांडून सुचवलं की उन्हात गेल्यावर १५ ते ३० मिनिटांतच दुसरा हात द्यावा, कारण त्यात पहिल्या वेळी सुटलेल्या जागा भरून निघतात आणि थर जाड होतो. लहान मुलांच्या बाबतीत मला हे फार व्यवहार्य वाटतं: पहिल्याच झटापटीत सगळं उरकायचा हट्ट सोडता येतो. पाण्याने न जाणारं म्हणजे ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द मात्र शुद्ध अतिशयोक्ती होती. एफडीएने २०११ च्या नियमांनी तो लेबलवरून काढायला लावला; आता पाण्यात ४० मिनिटं की ८० मिनिटं टिकतं एवढंच लिहिता येतं.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना सावली आणि कपडे द्यावेत, सनस्क्रीनवर अवलंबून राहू नये, हा सल्ला एफडीए आणि अमेरिकी बालरोगतज्ज्ञ दोघेही देतात. बाळाची कातडी पातळ असते आणि वजनाच्या मानाने तिचं क्षेत्रफळ मोठं, त्यामुळे लावलेलं जास्त प्रमाणात आत जाऊ शकतं. एफडीएच्याच शास्त्रज्ञांनी २०१९ आणि २०२० मध्ये प्रौढांवर चाचण्या केल्या तेव्हा तपासलेली रसायनं रक्तात उतरत असल्याचं दिसलं. रक्तात सापडली म्हणजे अपाय झाला असं नव्हे, आणि वापर थांबवा असं त्यांनी म्हटलेलंही नाही; अधिक माहिती मागितली आहे. त्यांच्या २०१९ च्या मसुद्यात सुरक्षित आणि परिणामकारक या यादीत दोनच नावं होती, झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड. म्हणजे पुन्हा ते पांढरे पट्टे.

आणि पुन्हा तो सदरा. कपड्यांतून किती अतिनील किरण पार होतात हे मोजायचं मानक ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडने १९९६ मध्ये काढलं, ज्यातून यूपीएफ हा आकडा आला. यूपीएफ ५० च्या कापडातून पन्नासाव्या हिश्शाहून अधिक किरण जात नाहीत. हा आकडाही प्रयोगशाळेतलाच, पण कापडाचा थर घरी आणल्यावर पातळ होत नाही, डोळ्यांत उतरत नाही, दोन तासांनी पुन्हा लावावा लागत नाही. लांब बाह्यांचा, गुडघ्यापर्यंतचा पोहण्याचा पोशाख आणि मान झाकणारी टोपी घातलेल्या मुलाला मलम लावायला उरतो तो चेहरा, कान, गळ्याचा थोडा भाग, हातांची मागची बाजू, पोटऱ्या आणि पावलांचा वरचा भाग. १२ ग्रॅमचं काम ३-४ ग्रॅमवर येतं, आणि पाठ तर राहतच नाही.